ब्रीजबाईंचा डोंगर

जिथे आमची इमारत होती तिथे आता गाड्या लावायची जागा झाली आहे. आठ गाड्या मावतात. जमिनीवर पिवळ्या रेघा, एक यंत्र, आणि भिंतीला टेकून थंड पेयांचं दुसरं यंत्र. कोपऱ्यातलं किनमोकुसेईचं झाड मात्र कुणीतरी राखलंय. ऑक्टोबर असल्यामुळे ते फुललं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढी शेंदरी फुलं, आणि पिकल्या जर्दाळूसारखा वास. रस्त्याच्या वळणावरच तो वास आला आणि माझे पाय आपसूक हळू झाले.

मी त्या रेघांमध्ये उभी राहून अंदाज घेत होते, तळमजल्यावरचं ब्रीजबाईंचं स्वयंपाकघर नेमकं कुठे येईल. बहुधा सहा नंबरच्या पांढऱ्या गाडीखाली. जेवायचं टेबल तिथे, खिडकी पाच नंबरवर. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. ती जागा आता नुसती हवा आहे.

जुई यायला अजून पाऊण तास होता. माझी मुलगी. आता वीस वर्षांची आहे, टोकियोत शिकते. पाच वर्षांपूर्वी तिच्या बाबांची, सुहासची, बँकेने ओसाकाला बदली केली आणि आम्ही टोकियोतलं हे फुनाबोरी सोडलं. या खेपेला तिला भेटायला आले तेव्हा मीच म्हटलं, इमारत पाडली म्हणतात, एकदा बघून येऊ. बघायला काही उरलेलं नसतं, हे माहीत असूनही माणूस जातो.

ब्रीजबाईंच्या नावाचं स्पेलिंग शेवटी 'ड' करून संपायचं, पण म्हणायचं 'ज'. पहिल्यांदा त्यांनी नाव सांगितलं तेव्हा मला वाटलं, या बाई स्वतःला पूल का म्हणवून घेतात. जपानी शेजारी त्यांना ब्रीज-सान म्हणायचे, मुलं ब्रीज-सेन्सेइ, म्हणजे शिकवणाऱ्या बाई. मी समोर ब्रीज-सान म्हणायचे आणि मनात बाई. आयर्लंडच्या पार वायव्य टोकाला डोनेगल नावाचा भाग आहे, तिथल्या. तिथे इंग्रजी शाळेत जाऊन शिकायची भाषा. घरात, शेतात, भांडणात, प्रार्थनेत आयरिश. मला तर आयरिश नावाची वेगळी भाषा आहे हेच ठाऊक नव्हतं. पंचविसाव्या वर्षी एका जपानी जहाज-इंजिनिअरशी लग्न करून त्या इथे आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. आमची ओळख झाली तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि जुई सहा.

दर शनिवारी दुपारी त्या इमारतीतल्या मुलांना गोष्टी सांगायच्या. आम्हा चार-पाच भारतीय घरांना हे कळलं तेव्हा आम्ही लगोलग मुलं पाठवली. गोऱ्या बाई, फुकटात इंग्रजी सुधारेल. आमचा हिशोब इतका साधा होता. पण मुलं घरी येऊन भलतेच शब्द म्हणायला लागली. फ्रीख, क्यानवान, श्लीव. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी बाकीच्या आयांनी चौकशी केली, बाई शिकवतात तरी काय. बाई एका डोंगराबद्दल सांगतात असं कळलं. दर आठवड्याला तोच डोंगर. हळूहळू मुलं गळाली, कुणी पोहायला गेलं, कुणी गणिताच्या क्लासला. जुई राहिली, दोन जपानी मुली राहिल्या, आणि चहा करायला मदत करते या सबबीवर मी राहिले.

त्या डोंगराचं नाव इंग्रजीत एरिगल. बाई म्हणायच्या अरगल. त्यांच्या घराच्या दारातून तो दिसायचा. टेबलावर त्या आपली राखाडी शाल मधोमध चिमटीत धरून उचलायच्या, आत वाटी उपडी घालायच्या आणि डोंगर उभा करायच्या. मग त्यावर चिमूटभर मीठ. 'हे बर्फ नाही,' त्या मुलांना बजावायच्या. अरगलच्या अंगावर पांढरे दगड आहेत, सैल, घरंगळणारे. वर चढताना दोन पावलं टाकली की एक पाऊल खाली येतं. लांबून बघणाऱ्याला उन्हाळ्यातही वाटतं की बर्फ पडलाय. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरायला लागला की तेच दगड गुलाबी होतात, आणि तेवढ्या पाच-दहा मिनिटांत कुणी घरात थांबत नाही.

मुलींचा पहिला प्रश्न जपानमधल्या कुठल्याही मुलाचा असतो तोच. फुजीपेक्षा मोठा आहे का. बाई म्हणाल्या, पाच अरगल एकावर एक ठेवले तर एक फुजी होईल. मुली थोड्या खट्टू झाल्या. मग बाईंनी सांगितलं की फुजी सगळ्या देशाचा आहे, त्याला एवढं मोठं असावंच लागतं. अरगल आमच्या गावापुरता होता, त्याला तेवढी उंची पुरायची. शेजारी मुकिश नावाचा दुसरा डोंगर, त्याच्या नावाचा अर्थच डुकराची पाठ. अरगलच्या पायाशी तळी आहेत, वारा नसला तर त्यात डोंगर उलटा उभा राहतो. आणि अगदी वर दोन शिखरं आहेत, मध्ये इतकी अरुंद वाट की दोघांना शेजारी-शेजारी चालता येत नाही. लहानपणी थोरली बहीण पुढे, ब्रीज मागे, बहिणीच्या परकराचं टोक मुठीत.

प्रत्येक वस्तूचं नाव त्या आपल्या भाषेत सांगायच्या. उतारावरच्या जांभळ्या झुडपांचं नाव फ्रीख. दलदलीत उगवणाऱ्या पांढऱ्या म्हाताऱ्यांसारख्या गवताचं नाव क्यानवान. मी सावरीचा कापूस सांगितला तर त्यांना फार आवडला. वारा म्हणजे गी, तळं म्हणजे लॉख, डोंगर म्हणजे श्लीव. धुक्याला त्या क्यो म्हणायच्या, आणि जपानीत क्यो म्हणजे आज. जुईला याचं इतकं हसू आलं की ती खुर्चीवरून घसरली. मग कितीतरी दिवस आमच्याकडे ढगाळ सकाळ झाली की ती खिडकीतून बघून जाहीर करायची, आई, आज बाहेर खूप 'आज' आहे.

पावसाळ्यात, म्हणजे इथल्या जूनमधल्या त्या चिकट, न बरसता नुसत्या गळत राहणाऱ्या दिवसांत, बाई एक डबा उघडायच्या. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळपट विटेसारखा तुकडा असायचा. त्यांच्याकडे दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळतात. गावाहून कधीतरी आणलेला तेवढा एकच तुकडा त्यांच्याकडे होता. त्याचा नखाएवढा कण काढून त्या नवऱ्याच्या फोटोपुढच्या भांड्यात, उदबत्तीच्या राखेवर ठेवायच्या आणि पेटवायच्या. धूर सुतासारखा वर जायचा. गोवऱ्यांच्या धुराचा तो लांबचा भाऊ, पण जास्त गोडसर, जास्त ओला. मी डोळे मिटायचे. त्या धुरात त्यांना त्यांचं घर दिसायचं आणि मला सोलापूरजवळचं माझं आजोळ, आणि आम्ही दोघी एकमेकींना काही न सांगता तशाच बसायचो.

जुई मराठी बोलायची तेव्हा. चौथीपर्यंत बोलायची. मग शाळेच्या खेळांच्या दिवशी मी डबा घेऊन गेले, मैदानाच्या कडेला चटई घातली आणि लांबून हाक मारली, 'जुई, इकडे ये गं, घाम पूस.' ती आली. मैत्रिणी मागेच उभ्या होत्या. ती जपानीत, अगदी हळू, मला म्हणाली की मामा, इथे तसं बोलू नकोस. आई म्हणणं तिने त्याच वर्षी कधीतरी सोडलं होतं. इथल्या मुलांसारखी मला मामा म्हणायची. सुहास त्यावर हसायचा, तुला बढती मिळाली, आईची मामा झालीस.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. घरी आल्यावरही नाही. पण मला लागलं होतं, आणि लागलं की मी गप्प होते, हा माझा जुना दोष आहे. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याशी जपानीत बोलायला लागले. माझ्या तोडक्यामोडक्या, दुकानात शिकलेल्या जपानीत. तिला शिक्षा करत होते, असं आज वाटतं. दहा वर्षांच्या पोरीला. तिने एकदाही म्हटलं नाही की मामा, मराठीत बोल. मी वाट बघत होते. मग वाट बघायचं विसरले, आणि तीच आमची भाषा झाली.

ब्रीजबाईंच्या लक्षात आलं. एका शनिवारी मुली गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. टेबलावरची शाल घडी करता करता त्यांनी त्यांच्या मुलाविषयी सांगितलं. केन त्याचं नाव, कॅनडात असतो. लहानपणी त्याच्याशी त्या इंग्रजीतच बोलल्या. जपानी बाहेर मिळेल, इंग्रजी उपयोगाला येईल. आयरिश घेऊन तो काय करणार, असं सगळे म्हणाले आणि त्यांनाही पटलं.

'ओझं होईल म्हणून मी त्याला दिली नाही,' त्या म्हणाल्या. 'आता या अख्ख्या शहरात माझ्याशी माझ्या भाषेत भांडेल असं कुणी नाही. तू असं करू नकोस.'

मी मान हलवली. घरी जाऊन जुईला मराठीत हाक मारायची असं ठरवलंही होतं. जिना चढेपर्यंत संकोच वाटायला लागला. स्वतःच्या लेकीशी स्वतःच्या भाषेत बोलायचा संकोच. तो कसा वाटतो ते ज्यांना वाटलाय त्यांनाच कळेल.

बाईंचं विसरणं कचऱ्यापासून सुरू झालं. इथे कुठल्या दिवशी कुठला कचरा हे लहान मुलालाही पाठ असतं. बाई चाळीस वर्षं ते बिनचूक करत होत्या, आणि एका मंगळवारी त्यांनी काचेच्या बाटल्या जाळायच्या कचऱ्यात ठेवल्या. शेजाऱ्यांनी चिठ्ठी लावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग मीच सकाळी त्यांच्या दारातून पिशव्या उचलायला लागले. मग शनिवारी त्या गोष्ट सांगता सांगता थांबायच्या, शाल चिमटीत तशीच, आणि आमच्याकडे बघायच्या. जुई पुढचं वाक्य सांगायची. जुईला सगळं पाठ होतं. बाई म्हणायच्या, हो, तसंच, आणि पुढे जायच्या. एका शनिवारी पुढे जाता आलं नाही.

केन आला. सगळं नीट, आदराने केलं त्याने. उरायासुला खाडीजवळ एक वृद्धाश्रम होता, स्वच्छ, हसतमुख माणसांचा. तिथे त्यांना ठेवून तो परत गेला. जुई तेव्हा तेरा वर्षांची होती, तिला परीक्षा होत्या, मैत्रिणी होत्या. मी पंधरा दिवसांनी एकदा जायचे.

आधी त्यांची जपानी गेली. सगळ्यात शेवटी आलेली भाषा सगळ्यात आधी गेली. मग वर्षभरात इंग्रजी विरळ होत गेली. एका वाक्यात दोन शब्द कमी, मग चार. शेवटी एके दिवशी मी गेले तेव्हा तिथली सेविका मला बाजूला घेऊन म्हणाली की आजींचं बोलणं आता संपलं, नुसतं पुटपुटतात. मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी.

मी खुर्ची ओढून जवळ बसले. बाई खिडकीकडे बघत होत्या आणि खरंच काहीतरी म्हणत होत्या, भराभर, चढउतारासकट. त्यात मला एक शब्द ओळखू आला. श्लीव. मग पुन्हा, श्लीव. ते पुटपुटणं नव्हतं. बाई बोलत होत्या. फक्त ऐकणारं माणूस हजारो मैलांवर होतं.

घरी येऊन मी जुईला सांगितलं. तिने वहीतून डोकं वर काढलं नाही. पण पुढच्या रविवारी आवरून दाराशी उभी राहिली. ट्रेनमध्ये कानात गाणी घालून बसली, तिथे पोचल्यावर दारातच घुटमळली. बाई फार बारीक झाल्या होत्या. जुई त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि परीक्षेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, 'फ्रीख.'

बाईंनी मान वळवली.

'क्यानवान,' जुई म्हणाली. 'गी. लॉख.' मग जरा थांबून, 'क्यो.'

बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला लागल्या. किती वेळ बोलल्या देव जाणे. जेवणाचं ताट येऊन निवलं. आम्हाला एका वाक्याचाही अर्थ लागत नव्हता, पण त्यात मध्येच हसू होतं, मध्येच कुणाचीतरी नक्कल, मध्येच तक्रार. जुई मान डोलवत राहिली आणि जिथे बाई थांबतील तिथे आपल्याजवळच्या मोजक्या शब्दांतला एक पुढे करत राहिली. बाई तिला मॉरे म्हणत होत्या. मॉरे कोण, आम्हाला माहीत नव्हतं. जुईने एकदाही सांगितलं नाही की मी मॉरे नाही.

परतताना तिने गाणी लावली नाहीत. खिडकीला डोकं टेकवून ती रडत होती, पण मी बघितलेलं तिला आवडणार नाही म्हणून मी समोरच्या जाहिराती वाचत बसले.

त्यानंतर ती दर रविवारी गेली. एक वाक्य बाई पुन्हापुन्हा म्हणायच्या, विशेषतः सकाळी. जुईच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या. विचारायच्याच. आवाज शेवटी वर जायचा आणि मग त्या उत्तराची वाट बघायच्या. जुईने ते ऐकून ऐकून पाठ केलं. 'विल अन श्लीव ग्लान?' त्यातला डोंगर तेवढा आम्हाला कळत होता. जुई म्हणायची, 'श्लीव, श्लीव.' बाई मान हलवायच्या, हे नव्हे, आणि पुन्हा विचारायच्या. कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही अरगलचे फोटो आणून दाखवले. त्या फोटोंकडे बघायच्या, परत जुईकडे बघायच्या, आणि विचारायच्या.

त्या जानेवारीत केन पुन्हा आला, कारण डॉक्टरांनी बोलावलं होतं. पन्नाशीला आलेला, उंच, वाकून बोलणारा माणूस. आईजवळ बसला तेव्हा हात कुठे ठेवायचे तेही त्याला सुचत नव्हतं. बाईंनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो पंधरा वर्षांच्या जुईकडे वळला.

'काय म्हणतेय ती?' त्याने विचारलं.

जुई म्हणाली की मलाही कळत नाही. मग त्याने तोंड फिरवलं. त्याच्या आईने आयुष्यभर ज्या भाषेत स्वप्नं पाहिली असतील तिचे सहा शब्द एका परक्या मुलीकडे होते, आणि त्याच्याकडे तेवढेही नव्हते. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्याच्या जागी जुईला बसवून बघितलं होतं, आणि खुर्चीत स्वतःला.

डोंगर बघायचा असेल, असं जुईच्या मनाने घेतलं. फुनाबोरी स्टेशनजवळ एक उंच मनोरा आहे. वर काचेची गच्ची, थंडीतल्या कोरड्या सकाळी तिथून फुजी दिसतो. डॉक्टरांची परवानगी काढून, चाकांच्या खुर्चीसकट मावतील अशी गाडी बोलावून आम्ही तिघं बाईंना तिथे घेऊन गेलो. हवा इतकी स्वच्छ होती की काचेला हात लावला तर फुजीचं बर्फ बोटाला लागेल असं वाटावं. पायथ्यापर्यंत दिसत होता. ढगाचं एक बोट नव्हतं.

जुईने खुर्ची काचेजवळ नेली, खाली बसली आणि हात लांबवून म्हणाली, 'श्लीव.'

बाईंनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी जुईच्या चेहऱ्याकडे बघितलं, फार प्रेमाने, आणि विचारलं, 'विल अन श्लीव ग्लान?'

जुईने माझ्याकडे बघितलं. मी केनकडे. बाई थोडा वेळ थांबल्या, मग शालीत हात घेऊन त्यांनी डोळे मिटले.

केनला आईच्या सामानात नाताळचं एक जुनं कार्ड सापडलं होतं, मागे डोनेगलचा पत्ता. त्याच्या मावसबहिणीचा. वर्षानुवर्षं संबंध नव्हता, फोन नंबर नव्हता. जुईने तिला पत्र लिहिलं. इंग्रजीत, शाळकरी अक्षरात. बाई कुठे आहेत, कशा आहेत, आणि त्या जे विचारतात ते कानाला ऐकू येतं तसं, रोमन अक्षरांत. खाली लिहिलं, याचा अर्थ काय, आणि याला काय उत्तर द्यायचं.

पत्र टाकून पंधरा दिवस झाले आणि फेब्रुवारीत एका सकाळी बाई गेल्या. झोपेतच.

अंत्यसंस्काराला आम्ही मोजून अकरा माणसं होतो. इथल्या रीतीने सगळं झालं. केनने जुईला विनंती केली की आईच्या भाषेत काहीतरी म्हण. जुई शाळेच्या गणवेशात पुढे गेली, पेटीसमोर वाकली आणि म्हणाली, 'फ्रीख. क्यानवान. गी. लॉख. क्यो. श्लीव.' मग पुन्हा वाकली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. कुणाला काही कळलं नाही, पण दोन म्हाताऱ्या शेजारणींनी हात जोडले.

मावसबहिणीचं उत्तर त्यानंतर नऊ दिवसांनी आलं, ईमेलने. तिने लिहिलं होतं की मॉरे म्हणजे माझी आई, ब्रीजमावशीची थोरली बहीण. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वाक्य स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं आणि मला खाली बसावं लागलं, कारण ते माझ्या आजीचं वाक्य आहे. डोंगर स्वच्छ आहे का, असा त्याचा अर्थ. रोज सकाळी चुलीपाशी वाकलेली आजी मान न वळवता हे विचारायची. डोंगरावर ढग नसला तर गवत उलटं करायला जायचं, कपडे बाहेर घालायचे, मातीच्या विटा रचायच्या. दारात जाऊन बघून यायचं आणि सांगायचं काम धाकटीचं, ब्रीजचं. आमच्या भाषेत हो असा शब्द नाही. 'ता' म्हणायचं. ता म्हणजे आहे. मावशीला एवढंच सांग, ता.

मी ते वाचलं तेव्हा जुई शाळेत होती. ती येईपर्यंत मी चार वेळा भांडी घासली. तिला दाखवल्यावर तिने वाचलं, मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाली की तिथे वर, काचेसमोर, मला फक्त एक अक्षर म्हणायचं होतं. उत्तर समोर उभं होतं, मामा.

तिची चूक नव्हती, हे सांगितलं. ते तिलाही माहीत होतं. माझी होती की काय, हे मात्र मी तिला विचारलं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही ओसाकाला गेलो. बाईंची शाल केनने जुईला दिली होती. ती तिने कधी पांघरली नाही, कधी धुतलीही नाही.

गाड्यांच्या त्या जागेवर जुई आली तेव्हा सहा नंबरची पांढरी गाडी नुकतीच निघून गेली होती. आम्ही त्या मोकळ्या चौकोनात उभ्या राहिलो. तिने केस कापलेत, तोंड अगदी सुहासचं दिसायला लागलंय. इकडचं तिकडचं बोलणं झालं, जेवतेस ना, परीक्षा कधी. मग ती पिवळ्या रेघेकडे बघत जपानीत म्हणाली की मला बऱ्याच दिवसांपासून तुला एक विचारायचं होतं. तू म्हातारी झालीस आणि सगळं विसरलीस, तर तू काय विचारशील. आत्ताच सांगून ठेव.

मी म्हटलं, असलं काय बोलतेस. ती हसली नाही. तिने मोबाईल काढून हातात धरला होता, लिहून घ्यायला.

मी विचार करायला लागले. मोठंसं काही आठवेल असं वाटत होतं. एखादा श्लोक, आईची एखादी ओवी. काहीच येईना. आणि मग सोलापूरचं माहेरचं घर आलं. चार-चार दिवसांनी नळाला येणारं पाणी, अंगणात रांगेने मांडलेल्या घागरी, आणि आतल्या खोलीतून, देवापुढून, अंथरुणातून, जिथे असेल तिथून येणारा माझ्या आईचा आवाज. आजारपणातही शेवटपर्यंत ती तेच विचारायची. मी इकडे असताना ती गेली. त्या दिवशी तिला उत्तर कुणी दिलं, मला माहीत नाही.

'पाणी आलं का?' मी म्हणाले. मराठीत. 'असं विचारीन मी.'

जुईने ते लिहून घेतलं, परक्या शब्दांसाठीच्या जपानी कातकाना अक्षरांत, कारण तिला आपली अक्षरं येत नाहीत. मग वर बघितलं.

'मग मी काय म्हणू?' तिने विचारलं. मराठीत, अडखळत, एकेक शब्द पारखून.

'आलं म्हणायचं.'

'नाही आलं, तरी?'

मी मान हलवली. हो, तरीही.

'आरं,' ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा ल र कडे झुकायला लागलाय.

'ल,' मी म्हटलं. 'जीभ वर टेकव.'

'आलं,' जुई म्हणाली.